चौकोनी दातांचं इंजिन

१

सिस्टरची गाडी चढावर बंद पडली, ती पुन्हा चालू झालीच नाही. इंजिनातून आधी खडखड आली, मग काहीतरी मोडल्यासारखा एकच आवाज, आणि गाडी मागे घसरत जाऊन दगडी कठड्यावर आदळली. सिस्टर वाचली, पण उजवा हात कोपराच्या वर मोडला. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना बघणारी नर्स ती एकटीच होती. आता दोन महिने तिथे कुणी जाणार नव्हतं.

विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं चौथ्या दिवशी अहवाल दिला. तीन आठवड्यांपूर्वी बदललेला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला दातेरी पट्टा, निकामी झाला, तो चुकीचा बसवला किंवा चुकीचा दिला. बसवला होता गॅरेजवाल्या उस्तादांनी, दिला होता नंबरताईनं.

नंबरताईला हे नाव गावानं दिलं होतं. एकोणतीस वर्षं ती स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे उभी होती, आणि गिऱ्हाईकानं तोंड उघडायच्या आत तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "इंजिन नंबर काय?" आताशा उभं राहून तिचे गुडघे दुखायचे, आणि तोच प्रश्न विचारून जीभही कंटाळली होती.

अहवाल वाचून तिनं चष्मा काढला, डोळे चोळले आणि दुकान मालकाच्या भरवशावर टाकून ती उस्तादांच्या गॅरेजकडे निघाली.

शटर अर्धं खाली होतं. आत सिस्टरची गाडी ठोकळ्यांवर चढवलेली, आणि तिच्यासमोर उपड्या क्रेटवर उस्ताद बसलेले. सत्तरीचे गृहस्थ. हातात काहीच काम नसलेले उस्ताद तिनं आजवर पाहिले नव्हते.

"बंद करतोय," ते म्हणाले. "हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत होतं. मलाच ऐकायचं नव्हतं."

"बेल्ट दाखवा आधी."

त्यांनी बाकड्यावरून काळा पट्टा उचलून दिला. ताईनं तो दोन्ही हातांत ताणून उजेडात फिरवला.

"हा तुटलेला नाहीये, उस्ताद."

"नाही."

"वीतभर जागेतले दात गेलेत. सैल बसवला असता तर नुसता सरकला असता. जास्त ताणला असता तर कडेनं फाटला असता. दात खरवडून निघालेत म्हणजे पुलीचे दात आणि याचे दात जुळतच नव्हते."

उस्तादांनी मान वर केली. "असं कसं? जुना काढला आणि नवा शेजारी ठेवून ताडून पाहिला. दोन्ही एकसारखे."

"जुना कुठेय?"

तोही बाकड्याखाली होता. त्याचेही दात झिजून गुळगुळीत झाले होते, आणि पाठीवर पिवळ्या रंगात तारीख होती. उस्ताद बसवलेल्या प्रत्येक बेल्टवर स्वतःच्या हातानं तारीख घालायचे. त्यांचा तो लांब शेपटीचा साताचा आकडा गावात दुसरं कुणी काढत नव्हतं.

"आठ महिन्यांपूर्वी मीच घातलेला," ते म्हणाले. "एवढ्यात झिजला म्हणून तुमच्याकडे नवा मागायला आलो. मला वाटलं, माल खराब लागला."

ताईनं दोन्ही बेल्ट शेजारी-शेजारी ठेवले. उस्तादांनी स्वतः घातलेला, योग्य नंबरचा बेल्ट त्याच इंजिनावर सहा-सात महिने चालला आणि तसलाच नवा तीन आठवड्यांत गेला. हे काही तिच्या गळी उतरेना.

२

या गाडीला कंपनीनं दोन इंजिनं दिली होती. सुरुवातीच्या वर्षांत आलेल्या इंजिनाच्या पुलीला, म्हणजे बेल्ट ज्या चाकावर चढतो त्याला, चौकोनी दात होते. नंतरच्या सुधारलेल्या इंजिनाला गोल. दोन्हींचे बेल्ट एकाच लांबीचे, एकाच रुंदीचे, दातांची संख्याही तीच. एकाचा दुसऱ्यावर बसायचा आणि काही दिवस चालायचासुद्धा. सिस्टरची गाडी चार वर्षांची, म्हणजे गोल दातांची. ताईनं बेल्टही गोल दातांचाच दिला होता.

ताई घरी गेली तेव्हा सिस्टर खाटेवर उशीला टेकून बसली होती. हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. नवरा जहाजावर नोकरीला, तो सहा महिन्यांनी यायचा. घरात ती एकटीच.

"उस्तादांना काही बोलू नका," ती आधी म्हणाली. "माझी काही तक्रार नाही."

"तक्रारीचं नाही विचारत. गाडी आधी कशी चालायची?"

"छान. दवाखान्याचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढायची." ती थांबली. "दोन महिन्यांमागे मी तीन आठवडे प्रशिक्षणाला गेले होते ना, तिथून आल्यापासून मात्र ओढत नव्हती. तिसरा टाकावा लागायचा, कधी दुसरा. मला वाटलं, मीच थकलेय. दमलेल्या माणसाला सगळंच जड लागतं."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? यांना फोनवर सांगितलं तर तिकडे समुद्रात बसून काळजी करणार. तेलाचा दिवा लागायचा तेही सांगितलं नाही. दवाखान्याजवळच्या पंपावरून डबा घ्यायचा, ओतायचा, पुढे जायचं."

"त्या तीन आठवड्यांत किल्ली कुणाकडे होती?"

"भाऊजींकडे. दाराला ओरखडा होता, रंगवून ठेवतो म्हणाले. शेवटचे चार दिवस पेंटरकडे होती."

३

पेंटर आधी चिडलाच. त्याच्या अंगणात तीन गाड्या कागदात गुंडाळून उभ्या होत्या आणि ग्राइंडरचा आवाज कानात घुसत होता. तो बंद करून त्यानं कपाळ पुसलं.

"दार रंगवलं मी. इंजिनाशी माझा काय संबंध?"

"बॉनेट उघडलं होतं?"

"उघडलं नाही." मग जरा नरमून म्हणाला, "खोटं कशाला बोलू? उघडून बघितलं. बिजागरीच्या बोल्टांचा रंग उडालेला होता, पान्याच्या ताज्या खुणा होत्या. म्हटलं, उद्या खापर माझ्यावर फुटायचं. ब्रशनं चार टिपके मारले आणि लावून टाकलं."

"गाडी आली तेव्हा बरी होती?"

"बरी कसली? निळा धूर सोडत आली. ओल्या रंगावर बसेल म्हणून मी ओरडलो त्यांच्यावर."

"कुणावर?"

"सिस्टरच्या दिरावर. तेच घेऊन आले होते."

दीर कारखान्यात फिटर होता. घर कोपऱ्यावरचं, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये लोखंडी तुळईला वजनं उचलायची साखळीची कप्पी टांगलेली. त्याची स्वतःची गाडी सिस्टरच्या गाडीची थोरली बहीण म्हणावी अशी, त्याच मॉडेलची, पण नऊ वर्षांची. पूर्वी तो दर पंधरवड्याला ताईच्या काउंटरवर यायचा. हल्ली बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता.

तो दारातच उभा राहून बोलला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. बायकोची मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीन वार तिला डायलिसिसला शहरात न्यायचं, नव्वद किलोमीटर जायचं आणि नव्वद यायचं, उरलेल्या दिवशी कारखाना. हे ताईला माहीत होतं, गावालाही माहीत होतं.

"मी वहिनींची गाडी चालवलीच नाही म्हणा ना," तो म्हणाला. "रंगाला नेली आणि परत दारात लावली. त्यानंतर हातही लावला नाही. उस्तादांचं वय झालंय, ताई. माणूस भला आहे, पण वय झालंय. शिवाय ते इंजिन तेल किती प्यायचं, आतून झिजलेलंच असणार. दोष तरी कुणाला द्यायचा?"

आतून बायकोनं हाक मारली. पाणी मागत होती बहुतेक. त्यानं "आलो" म्हटलं आणि ताईकडे न बघता दार लोटून घेतलं.

ताई घरी आली. गुडघ्यांना शेक दिला आणि खुर्चीतच तिचा डोळा लागला. दिराच्या बोलण्यात काहीतरी खुपलं होतं, पण काय ते तिला सांगता आलं नसतं.

४

सकाळी तिनं सर्व्हेअरला फोन लावला.

"अहवालात तुम्ही इंजिन नंबर जुळतो असं लिहिलंय. कुठे पाहिलात?"

"गिअरबॉक्सच्या बाजूच्या कडेवर. तिथेच असतो."

"स्वतः पाहिलात?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग सुस्कारा. "बाई, त्या दिवशी माझ्याकडे अकरा गाड्या होत्या. तिथे हात घालायचा तर आधी दोन नळ्या सोडवाव्या लागतात. चेसिस नंबर पाहिला, तो जुळला. इंजिन नंबर कागदावरून उतरवला."

ताईनं फोन ठेवला आणि छोटा आरसा, विजेरी आणि खडू घेऊन गॅरेज गाठलं. उस्तादांना तिनं नळ्या सोडवायला लावल्या. ते कुरकुरत उठले, पण पाना हातात आल्यावर बोटं आपसूक चालायला लागली.

तिनं आरसा आत सरकवला. गिअरबॉक्सच्या बाजूची कड कोरी होती. तिथे कधी काही ठोकलंच नव्हतं.

"आता समोरून बघू," ती म्हणाली. "सायलेन्सरच्या नळीखाली. चौकोनी दातांच्या इंजिनाला नंबर तिथे असतो."

तिथे नंबराची पट्टी होती, पण घासून साफ केलेली. तिच्या खाली, ब्लॉक ओततानाच लोखंडात उठलेली चार अक्षरं मात्र घासायची राहून गेली होती. तिनं त्यांवर खडू फिरवला. पांढरी अक्षरं वर आली तशी तिनं एकेक मोठ्यानं वाचली. चौकोनी दातांच्या इंजिनाचीच खूण होती ती.

उस्ताद हळूच खाली बसले. "हे इंजिन या गाडीचं नाही."

"नाही."

"पण बेल्टवर माझी तारीख होती. झाकण तेच, सर्व्हिसचं स्टिकर तेच."

"झाकण चार स्क्रूंचं, उस्ताद. बेल्ट काढायला तासभर लागतो. ज्यानं इंजिन बदललं त्यानं वरचं सगळं या इंजिनावर चढवलं. तुमची तारीख दिसली की तुम्ही पुढे बघणार नाही, हे त्याला ठाऊक होतं."

उस्तादांनी बोटाच्या टोकानं घासलेली पट्टी चाचपली. "पेंटरनं केलं?"

"पेंटर सगळं ग्राइंडरनं करतो. ग्राइंडरच्या खुणा गोल उमटतात. या बघा, सरळ आहेत, एकाला एक लागून. कानस आहे ही, आणि कानशीवर हात बसलेला माणूस."

"फिटर," उस्ताद म्हणाले.

५

आता तिला काल खुपलेलं सापडलं.

"सिस्टरच्या गाडीला तेल लागायला लागलं ते ती परत आल्यावर," ती उस्तादांना सांगू लागली. स्वतःलाही सांगत होती. "तिनं ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. डबे पंपावरून घ्यायची, म्हणून मलाही पत्ता नव्हता. दीर म्हणतो, गाडी चालवली नाही, परत दिल्यावर हातही लावला नाही. मग ते इंजिन तेल पितं हे त्याला कसं कळलं?"

"धूर पाहिला असेल. पेंटरकडे नेताना."

"त्याच्या म्हणण्यानं तेव्हा इंजिन वहिनींचंच होतं ना? मग धूर बघून तो तुमच्याकडे का आला नाही? आणि दुसरं ऐका. त्याची स्वतःची गाडी चौकोनी दातांची. ते इंजिन तेल प्यायचंच. दर पंधरा दिवसांनी माझ्याकडून डबा न्यायचा. दोन महिने झाले, एकही नेला नाही. म्हणजे त्याच्या गाडीची तहान भागली, आणि त्याच दिवसांत हिच्या गाडीला लागली."

उस्तादांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "इंजिन उचलायला साखळीची कप्पी आहे त्याच्याकडे."

"आहे. आणि दोन आठवडे गाडीही होती."

तेवढ्यात ताईच्या हातातला खडू थांबला. तिनं जुना बेल्ट उचलला, पिवळ्या तारखेचा.

"उस्ताद, हा गोल दातांचा बेल्ट. तो त्यानं सिस्टरच्या इंजिनावरून उतरवून या इंजिनावर घातला. मग सिस्टरच्या इंजिनावर, जे आता त्याच्या गाडीत आहे, त्यावर कोणता घातला असेल?"

"इथून उतरवलेला," उस्ताद म्हणाले आणि उभे राहिले. "चौकोनी. नवा घ्यायला तो तुमच्याकडे आला असता तर तुम्ही नंबर विचारला असता."

"आज वार कोणता?"

आज डायलिसिसचा वार होता. साडेदहा वाजून गेले होते. नव्वद किलोमीटरच्या रस्त्यावर, मागच्या सीटवर आजारी बायको निजलेली, आणि बॉनेटखाली दोन महिने झिजत आलेला बेल्ट.

ताईनं दिराला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तो गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, सावध माणूस होता. तिनं सिस्टरला फोन केला.

"तुमच्या जाऊबाईंचा नंबर लावा. भाऊजींना म्हणावं, असेल तिथे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. का ते मी येऊन सांगते."

सिस्टरनं एकही प्रश्न विचारला नाही.

६

उस्तादांच्या जुन्या टेम्पोतून तिघं निघाली. सिस्टर मोडका हात सांभाळत मध्ये बसली होती. वाटेत ताईनं तिला सगळं सांगितलं. ती रस्त्याकडे बघत ऐकत राहिली.

गाडी तीस किलोमीटरवर, एका कुंपणाच्या सावलीला उभी होती. जाऊबाई मागच्या सीटवर शाल पांघरून बसल्या होत्या. दीर बाहेर, बॉनेटला पाठ टेकून. तिघांना एकत्र उतरताना पाहिलं तेव्हाच त्याला कळलं असावं. तो सरळ झाला नाही की काही विचारलंही नाही.

उस्तादांनी त्याला हातानं बाजूला केलं, बॉनेट वर केलं आणि बेल्टवरचं झाकण सोडवलं. चौकोनी दातांचा बेल्ट होता. एका जागी दोन बोटं रुंदीत दात उरलेच नव्हते, नुसता दोरा लोंबत होता.

"सपाट रस्ता म्हणून टिकला," उस्ताद म्हणाले. "अजून आठवडाभर चालला असता किंवा दहा मिनिटं."

ताईनं गिअरबॉक्सच्या बाजूनं आरसा घातला. नंबर शाबूत होता. सिस्टरच्या कागदांवरचा.

दीर रस्त्याच्या कडेला खाली बसला.

"माझं इंजिन संपलं होतं," तो म्हणाला. "दोनदा वाटेत बंद पडलं. एकदा हिला ट्रकमध्ये बसवून नेलं. वहिनींची गाडी तीन आठवडे नुसती उभी होती. म्हटलं, त्या जवळपासच हिंडतात, त्यांना कशाला एवढं चांगलं इंजिन."

"मागितलं असतंत तर मी अख्खी गाडी दिली असती," सिस्टर म्हणाली.

"माहीत होतं."

"मग?"

"दोन वर्षं मी मागतोच आहे वहिनी. सुट्टी मागतो, रक्त मागतो, लोकांचा वेळ मागतो. पुन्हा तोंड उघडायचं जिवावर आलं. चोरी करणं सोपं वाटलं."

जाऊबाईंनी काच खाली केली होती आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"बेल्टचं मला खरंच कळलं नव्हतं," तो पुढे म्हणाला. "बसला, चालला, म्हटलं एकच असणार. हिला असल्या बेल्टवर मी नेलं असतं का?"

"नसतं नेलंस," उस्ताद पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून म्हणाले. "पण माझी तारीख तू कळून सवरून वापरलीस. आणि वहिनीचा हात मोडल्यावर गाव मला बोल लावत होतं, तेव्हा गप्प बसलास. इंजिनाचं मी समजू शकतो. हे नाही."

दिरानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी सर्व्हेअरला लिहून देतो. आजच देतो. पोलिसात द्यायचं तर तेही द्या."

सगळे सिस्टरकडे बघू लागले. तिनं आधी घड्याळ पाहिलं.

"हिची वेळ टळतेय," ती म्हणाली. "उस्ताद, टेम्पोनं हिला पोचवाल? मी बरोबर येते. बाकीचं मग. मला आत्ता काही ठरवता येणार नाही, आणि ठरवलं तर वाईटच ठरेल."

तिनं डाव्या हातानं जाऊबाईंना आधार देऊन उतरवलं. दीर मदतीला पुढे आला, तर जाऊबाईंनी त्याचा हात धरला नाही.

७

दिरानं संध्याकाळच्या आत जबाब लिहून दिला. सर्व्हेअरनंही अहवाल बदलला आणि खाली स्वतःची चूक कबूल केली, जरा आडवळणानं. सिस्टर पोलिसात गेली नाही. हात बरा होईपर्यंत इंजिन आहे तिथेच राहू दे, म्हणाली. पण दिराशी ती बोलत नव्हती. डायलिसिसच्या वारी जाऊबाईंना फोन करायची आणि तो मध्ये आला की ठेवून द्यायची. ते किती दिवस चालेल, तिलाही माहीत नव्हतं.

दिराच्या गाडीतल्या त्या इंजिनावर नवा बेल्ट उस्तादांनी स्वतः बसवला, गोल दातांचा. ताई शेजारी विजेरी धरून उभी होती. बसवण्याआधी त्यांनी डोळे मिटले आणि बोट आधी पुलीवरून फिरवलं, मग बेल्टवरून.

काम झाल्यावर दोघं दाराशी बसली.

"गावाला कळलं आता, चूक तुमची नव्हती," ताई म्हणाली.

"थोडी होती." उस्तादांनी चिंध्यांना हात पुसले. "दाताचा आकार बोटाला कळतो माझ्या. पन्नास वर्षं कळतोय. त्या दिवशी तारीख दिसली, म्हणून बोट फिरवलंच नाही."

ताईनं गुडघा दाबला. "मीही नंबर विचारला नव्हता. तुम्ही आलात, गाडी ओळखीची, कागदावरून देऊन टाकला. एकोणतीस वर्षांत तेवढ्या एकाच वेळी विचारला नाही."

समोरच्या रस्त्यानं शाळेची बस गेली, मग सिलिंडरचा टेम्पो.

"उद्या काय करताय?" तिनं विचारलं.

"हाताची थरथर डॉक्टरला दाखवतो म्हणतो. दोन वर्षं टाळतोय." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "नंतर बघू. इंजिनाची कामं घेईन की नाही, सांगता येत नाही. पण नाही घेतली, तर ते माझं मी ठरवलेलं असेल."

"मी येते बरोबर डॉक्टरकडे," ताई म्हणाली. "मला गुडघे दाखवायचेत."

"डॉक्टर दुसरा लागेल त्याला."

"दवाखाना तोच आहे," ती म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.